नारायण मेघाजी लोखंडे : घामाच्या हक्काचा पुरस्कर्ता

संपत्ती कमावणे आणि दुसऱ्याकडून काम करून घेणे या विषयावर आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते व्यापार अल्लाहने हलाल केला आहे, भांडवल घालणारा नुकसानीचा धोका पत्करतो आणि त्याच्या धंद्यामुळेच दहा घरांत चूल पेटते. तेव्हा मजुरी किती द्यायची व केव्हा द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच आहे. इतरांच्या मते नफा म्हणजे कामगाराच्या घामाची चोरी आहे आणि मालमत्ता हाच मुळात अन्याय आहे. पहिले मत भांडवलशाहीचे समर्थन करते, दुसरे तिच्यावर टीका करते. दोन्ही पक्ष धर्माचा आधार घेतात, परंतु दोघेही अर्धाच आधार घेतात.

हाच वाद सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांच्या निमित्ताने मोठ्या आवेशाने झाला होता. त्या वादाच्या केंद्रस्थानी आपल्याच ठाण्यात जन्मलेले एक गृहस्थ उभे होते. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले जाणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे ते होत.

लोखंडे मुस्लिम नव्हते. इस्लामी शिकवणीच्या मासिकात त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातच आहे. प्रेषितत्व मिळण्यापूर्वी, तरुणपणी, ते मक्केतील हिल्फुल फुजूल या करारात सहभागी झाले होते. येमेनकडून आलेल्या एका परक्या व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे देण्याचे नाकारले. तेव्हा काही सज्जनांनी एकत्र येऊन शपथ घेतली की मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल, मग तो कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. त्या काळी मक्का मूर्तिपूजकांचे शहर होते. तरीही पुढे प्रेषितत्वाच्या काळात आपण (स.) त्या कराराची आठवण गौरवाने काढत आणि तशा कामासाठी आजही कोणी बोलावले तर आपण जाऊ, असे सांगत. बुडवलेल्या हक्कासाठी उभे राहणाऱ्याचा आदर करावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे.

ठाण्यातील बालपण आणि गिरणीचे कोठार

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. ते पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली. त्यानंतर वर्षभराने, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. आगगाडी आणि गिरणी ही नव्या अर्थव्यवस्थेची दोन्ही चिन्हे नारायणरावांच्या बालपणातच कोकण किनाऱ्यावर उभी राहिली.

जेमतेम शिक्षण घेऊन त्यांनी आधी रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत ते कोठारप्रमुख झाले. गिरणीत काय येते, काय जाते आणि कशाची काय किंमत पडते, हे कोठारावर बसणाऱ्याला कळते. त्याच वेळी पहाटे आत शिरणारी आणि अंधार पडल्यावर बाहेर पडणारी माणसेही त्याला रोज दिसतात. मालकाचा हिशेब आणि मजुराचे हाल या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या. म्हणूनच त्यांची टीका पुस्तकी राहिली नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधु हे वृत्तपत्र आर्थिक ओढाताणीत सापडले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि अखेरपर्यंत चालवले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी मांडणारे पत्र तेव्हा दुर्मीळच होते.

सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावर चालणारा दिवस

त्या काळच्या गिरणीतील दिवस कसा होता, हे समजल्याशिवाय लोखंडे यांच्या मागण्यांचे मोल कळणार नाही. विजेचे दिवे गिरण्यांत अजून पोहोचले नव्हते, म्हणून काम उजेडावर चाले. पहाट झाली की भोंगा वाजे आणि सूर्य मावळेपर्यंत यंत्रे फिरत. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने काम थोडे कमी असे, परंतु उन्हाळ्यात तेच तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. रविवारी कापड निघत नसले तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई.

मजुरी महिन्याची असे, पण महिना संपला म्हणजे ती हाती पडे असे नव्हे. मागील महिन्याचे पैसे पुढील महिन्यात बरेच दिवस अडकून राहत. तोपर्यंत घर चालवायचे तर वाण्याकडे उधारी करायची किंवा सावकाराकडून व्याजाने कर्ज काढायचे. म्हणजे स्वतःच्याच कमावलेल्या पैशाची वाट पाहताना मजूर व्याज भरत असे. यंत्रात हात सापडला तर बरे होईपर्यंतची मजुरी बुडे, आणि कायमचे अपंगत्व आले तर गावाकडे परतण्यावाचून मार्ग उरत नसे.

हे हाल कोणा एका धर्माच्या माणसांचे नव्हते. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कुणब्यांबरोबर उत्तरेतून आलेले मोमीन विणकरही मुंबईत मदनपुऱ्यात वसले होते, आणि त्यांच्यापैकी अनेकजण गिरण्यांच्या विणकाम खात्यांत काम करीत होते.

१८८१ मध्ये सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई होती आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर मर्यादित केले होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी मात्र तो कायदा मौन होता.

१८८४ च्या पाच मागण्या

१८८४ मध्ये सरकारने मुंबईत कारखाना आयोग नेमला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली, मुंबई गिरणी कामगार संघाची स्थापना केली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. अर्जातील मागण्या अशा होत्या : सर्व कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मजुरी उशिरात उशिरा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिली जावी, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी.

या मागण्यांत गिरण्या बंद करा, असे कोठेही नाही. मालकांची मालमत्ता काढून घ्या किंवा नफा घेऊ नका, असेही नाही. घड्याळ, तारीख आणि जखमेची भरपाई एवढेच त्यांनी मागितले.

आता हा अर्ज इस्लामच्या शिकवणीशेजारी ठेवून पाहा. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्यांच्याविरुद्ध फिर्यादी म्हणून उभा राहील अशा तीन प्रकारच्या माणसांत, मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याची गणना सहीह बुखारीतील हदीसमध्ये आहे. हाताखालची माणसे ही आपले भाऊ आहेत, त्यांच्यावर शक्तीबाहेरचे ओझे लादू नये आणि लादलेच तर त्यात त्यांना मदत करावी, हेही आपण (स.) शिकवले. पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनच्या वृद्ध गृहस्थाकडे चाकरी पत्करल्याचा प्रसंग आहे. तेथे मुदत आधी ठरली, वाढीव वर्षे ऐच्छिक ठेवली गेली आणि चाकरी देणाऱ्याने त्रास न देण्याचे वचन दिले. कामाच्या अटी आधी स्पष्ट असाव्यात, हा धडा त्यातून मिळतो.

गिरणीमालकांची बाजू

न्यायाने विचार करायचा तर गिरणीमालकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ती अगदीच पोकळ नव्हती.

त्यांचा पहिला युक्तिवाद असा होता की कारखाना कायद्याची मागणी कामगारांच्या कळवळ्यातून आलेली नसून लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या मत्सरातून आली आहे. यात तथ्य होते. मुंबईचे स्वस्त सूत आणि कापड तेथील मालकांना खुपत होते आणि येथील कामाचे तास कमी व्हावेत म्हणून ते विलायत सरकारवर दबाव आणीत होते. दुसरा युक्तिवाद असा की हा उद्योग नवा आहे, त्यात देशी माणसांनी पैसा घातला आहे, त्याच्यावर बंधने लादली तर तो बुडेल आणि कामगारांचीच भाकरी जाईल. तिसरा असा की कामगार स्वखुशीने येतो, त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही, पटत नसेल तर त्याने गावी जावे. त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनीही देशी उद्योगाच्या रक्षणासाठी कायद्याला विरोध केला.

यातील काही गोष्टी इस्लामलाही मान्य होण्यासारख्या आहेत. उद्योग-व्यापाराला आपल्या धर्मात मोठे स्थान आहे. मदीनेत एकदा भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषितांना (स.) भाव ठरवून देण्याची विनंती केली. आपण (स.) ती मान्य केली नाही, कारण कोणाच्याही मालमत्तेबाबत आपल्याकडून अन्याय होऊ नये, याची त्यांना काळजी होती. बाजाराचे स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा आदर यांना इतके महत्त्व दिले गेले आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मोठे व्यापारी होते आणि जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबींपैकीही होते.

परंतु ज्या शिकवणीने व्यापार हलाल केला, तिनेच व्याज हराम केले. तिनेच साठेबाजीला पाप ठरवले, माप कमी देणाऱ्यांना सर्वनाशाचा इशारा दिला आणि सूरह हश्रमध्ये बजावले की संपत्ती केवळ तुमच्यातील धनवंतांमध्येच फिरत राहू नये. मालक हा संपत्तीचा विश्वस्त आहे. त्या संपत्तीत इतरांचा जो हक्क आहे, तो देणे म्हणजे उपकार नव्हे.

तिसरा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. ज्याच्या घरी उद्याची भाकरी नाही आणि ज्याची महिन्याची मजुरी मालकाकडेच अडकली आहे, त्याची स्वखुशी किती खरी? पहिल्या युक्तिवादाचेही तसेच. लँकेशायरचा हेतू वाईट होता, हे खरे. परंतु तेवढ्याने परळच्या कामगाराचा थकवा खोटा ठरत नाही. सत्य कोणाच्या सोयीचे आहे हे पाहून ते स्वीकारायचे किंवा नाकारायचे नसते. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध जात असली तरी द्या, असा सूरह निसाचा आदेश आहे. स्वदेशी उद्योगाच्या अभिमानापोटी अनेक सुशिक्षितांनी जी साक्ष टाळली, ती लोखंडे यांनी दिली.

१० जून १८९०

१८८४ च्या अर्जाने लगेच काही पदरात पडले नाही. लोखंडे सभा, अर्ज आणि दीनबंधुमधील लेखन यांच्या मार्गाने चिकाटीने काम करीत राहिले. १८८९ मध्ये पुन्हा सरकारकडे अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी नव्या कारखाना आयोगाच्या कामात कामगारांच्या वतीने लोखंडे यांना स्थान मिळाले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांच्या वयाची मर्यादा नऊ वर्षांपर्यंत वाढवली.

यानंतर गिरण्या बुडाल्या नाहीत. उद्योग बुडेल हे भाकीत खोटे ठरले आणि मुंबईचा कापडधंदा पुढेही वाढतच गेला.

लोखंडे यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या संघाला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी घटना नव्हती. म्हणून अनेक अभ्यासक त्याला आजच्या अर्थाने कामगार संघटना मानत नाहीत. त्यांनी संपापेक्षा अर्जावर भर दिला, सरकारवर विश्वास ठेवला आणि सरकारी मानसन्मानही स्वीकारले. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास १८९१ च्या कायद्यानेही बांधले नाहीत. तरीही ज्यांचे ऐकणारे कोणी नव्हते त्यांचे म्हणणे त्यांनी शांतपणे आणि नेमक्या शब्दांत मांडले, हे त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

दंगल आणि प्लेग

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. सुमारे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली आणि गिरणगावातील कामगारही त्यात ओढले गेले. आदल्या दिवशी एकाच खात्यात शेजारी उभे राहून काम करणारे एकमेकांवर तुटून पडले. अशा वेळी लोखंडे यांनी दोन्ही समाजांत फिरून सलोख्याचे प्रयत्न केले आणि राणीच्या बागेत एकतेसाठी मोठी सभा भरवली. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. गरिबाला गरिबाशी लढवले की दोघांचाही हक्क बुडतो, ही गोष्ट त्यांच्या या कामातून आजही शिकण्यासारखी आहे.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे गेले नाहीत. त्यांनी रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय उभे केले आणि सेवा करता करता स्वतःच प्लेगला बळी पडले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. त्यानंतर महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांनाही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच मृत्यू आला. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने, ज्या खात्यात त्यांनी एकेकाळी नोकरी केली होती त्याच खात्याने, लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळ येथील राज्य शासनाच्या कामगार अभ्यास संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

आपल्या दाराशी आलेला प्रश्न

लोखंडे यांच्या ठाण्यात आता गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. पण भिवंडीचे यंत्रमाग आहेत, मुंब्रा-कौशाचे शिवणकामाचे कारखाने आहेत आणि शीळफाट्याच्या चारही दिशांना गोदामे, गॅरेज, फर्निचरची दुकाने व नव्या इमारतींची बांधकामे आहेत. त्यांतील कित्येक ठिकाणी मालकही आपले आणि मजूरही आपलेच. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसांचे प्राण गेले. मरणाऱ्यांत लहान मुले होती, बांधकामावर राबणारे मजूर आणि त्यांची कुटुंबे होती. घाईचा नफा आणि स्वस्त जीव यांचा हिशेब एकत्र मांडला की काय घडते, हे या परिसराने पाहिले आहे. जखमी कामगाराची जबाबदारी कोणाची, हा १८८४ च्या अर्जातील प्रश्न आजही जुना झालेला नाही.

म्हणून मालक असलेल्या बांधवांनी काही गोष्टी स्वतःला विचाराव्यात. आपल्याकडील कारागिराची मजुरी किती आणि कोणत्या तारखेला द्यायची, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले आहे काय? ती त्या तारखेला दिली जाते काय? दुपारच्या सुट्टीत त्याला जेवण आणि जोहरची नमाज दोन्ही उरकता येतात काय? यंत्रावर त्याचे बोट गेले तर दवाखान्याचा खर्च कोण करते? घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा महिना वेळेवर चुकता होतो काय? एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रमजानमध्ये वाटलेली जकात ही बुडवलेल्या मजुरीची भरपाई होऊ शकत नाही. मजुरी हे कर्ज आहे. ते मजुरी म्हणूनच फेडावे लागते. मजुराची थकबाकी जकातीच्या हिशेबात धरली तर जकातही अदा होत नाही आणि कर्जही फिटत नाही.

मजूर असलेल्या बांधवांवरही जबाबदारी आहे. ठरलेले काम ही अमानत आहे. वेळेची चोरी, मालाची नासाडी किंवा मालकाच्या पाठीमागे केलेली हयगय यांचाही हिशेब अल्लाहसमोर द्यावा लागेल. हक्क मागावा, पण तो खऱ्या शब्दांत आणि अत्याचार न करता मागावा.

हदीसमध्ये गुहेत अडकलेल्या तीन माणसांची कथा आहे. दरड कोसळून गुहेचे तोंड बंद झाले, तेव्हा प्रत्येकाने आपल्या एका सत्कर्माचा हवाला देऊन अल्लाहकडे सुटकेची प्रार्थना केली. त्यांतील एकाकडे एक मजूर मजुरी न घेताच निघून गेला होता. या माणसाने ती मजुरी बाजूला ठेवून धंद्यात गुंतवली. तिची वाढ होत होत उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या झाल्या. बऱ्याच काळानंतर मजूर परत आला, तेव्हा मालकाने तो सारा कळप त्याच्या हवाली केला. मजुराला ही थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. याच कर्माच्या हवाल्याने गुहेचे तोंड पूर्ण उघडले. या कथेतील माणूस भांडवल गुंतवणारा आहे, कुशल आहे, यशस्वी आहे. इस्लामने त्याला मालक होण्यापासून रोखले नाही. दुसऱ्याचा हक्क आपल्याकडे आहे, याची आठवण मात्र त्याने वर्षानुवर्षे जागी ठेवली.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, ती हलाल ठेवो, आणि ज्यांच्या घामाचे देणे आपल्याकडे आहे त्यांचे ते घाम वाळण्यापूर्वी चुकते करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.